नाव सांगणारा आवाज

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आमच्या स्पीच थेरपीच्या मॅडमकडे बोट दाखवीन. त्यांचं नाव मात्र इथे लिहीत नाही, कारण त्यांनीच तशी ताकीद दिली आहे. "नाव छापलंस तर लोकांना वाटेल मी मंत्र घालते, तंबी. मग जिन्यापर्यंत रांग लागेल आणि बरं कुणालाच वाटणार नाही." तंबी म्हणजे धाकटा भाऊ. त्या तमिळ, मी घरात मराठी. आमचं सगळं बोलणं तमिळमध्येच झालं, मी ते इथे मराठीत लिहितो आहे. पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलुखात राहिलेल्या आमच्या घरातली मराठी पुण्याकडच्या माणसांना फार जुनी वाटते, आणि लिहायची मराठी मी मोठेपणी वाचून वाचून शिकलो. कुठे चुकलं तर सांभाळून घ्यावं.

कुंभकोणमच्या मोठ्या तळ्यामागच्या गल्लीत, पितळी भांड्यांच्या एका दुकानावर मॅडमची खोली आहे. जिना चढताना खालची ठोकाठोक अंगावर येते. आत शिरून दार ओढलं की ती एकदम तुटते. भिंतींना जाड फोम आणि त्यावर जुन्या रजया ठोकल्या आहेत. पहिल्या दिवशी मी तिथे खोकलो आणि दचकलो. खोकला तोंडातून निघाला आणि कुठेच पोचला नाही. आपण बोलतो तेव्हा भिंती थोडंसं परत देत असतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्या भिंती काहीच परत देत नसत.

मी लहानपणापासून अडखळत बोलतो. शाळेत पोरं 'तिक्कुवाय' म्हणायची, म्हणजे तोतरा. शब्द अडला की त्याला वळसा घालायचा, हे आम्हा लोकांना कुणी शिकवावं लागत नाही. 'दूध' निघालं नाही तर तमिळमधलं 'पाल' म्हणायचं, तेही निघालं नाही तर चहाच नको म्हणायचं. पण स्वतःच्या नावाला दुसरा शब्द नसतो. तिथेच मी सगळ्यांत जास्त अडायचो.

माझं नाव आजोबांचं. आमच्यात थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. आजोबा माझ्या जन्माआधीच गेले होते. त्यामुळे झालं असं, की नाव तर मिळालं, पण घरात ते उच्चारायची सोय उरली नाही. बाबा आपल्या वडिलांचं नाव घेत नसत. आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, तिचं तर विचारूच नका. आई मी फार लहान असताना गेली. तीही सासऱ्यांचं नाव घेत नसे, असं आत्या सांगते. घरात मी 'बाळ'. मिशा आल्या तरी बाळच.

जिभेला वळण लागावं म्हणून आत्या लहानपणी वेखंड उगाळून माझ्या जिभेला लावायची. आमच्या शेजारच्या तमिळ बायका वेखंडाचं नाव तोंडाने घेत नाहीत. दुकानात 'ते नाव न घ्यायचं औषध द्या' असं म्हणतात, आणि दुकानदार काही न विचारता पुडी बांधतो. त्या कडू चवीसोबत माझ्या मनात एक गोष्ट घट्ट बसली. काही नावं अशी असतात, की ती घेतली तर कुणीतरी मान वर करून पाहतं.

माझं नाव आमच्यापैकी एकच माणूस मोठ्याने म्हणत असे. ते म्हणजे बाबा, आणि तेही घराबाहेरच. ते शिंपी होते. रेशमी साड्यांना फॉल लावायचे, ब्लाउज शिवायचे. शाळेत, दवाखान्यात, रेशनच्या दुकानात, जिथे कुणी मला नाव विचारलं तिथे ते माझ्या उजव्या बाजूला उभे असत. आधी हलकेच घसा साफ करत. मग नाकाने थोडा श्वास ओढत. सुईत दोरा ओवताना माणूस थांबतो तसे जरा थांबत, आणि मग माझं पूर्ण नाव सांगत. कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी समोरचे सर हसले होते.

"अहो, डिग्री घेणार कोण? तुम्ही की हा?"

"घेणार तो, सर, सांगणार मी," बाबा म्हणाले.

मी डिग्री घेतली. आमच्या घरातली पहिली. आडुतुरैला एका खाजगी ऑफिसात कॉम्प्युटरवर आकडे भरायचं काम मिळालं. त्या कामात बोलावं लागत नाही, म्हणूनच मी ते घेतलं.

पुढे बाबा आजारी पडले. शेवटच्या दिवसांत त्यांना बोलताना धाप लागायची. एके दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं. आमच्याकडे वर्षश्राद्धाला मुलगा तीन पिढ्यांची नावं घेऊन तीन पिंड देतो, आधी वडील, मग आजोबा, मग पणजोबा. त्याबद्दलच ते बोलत होते.

"वाध्यार म्हणतील, मी सांगतो, तू मनात म्हण. त्यांना म्हणू देऊ नको," बाबा म्हणाले. वाध्यार म्हणजे आमचे श्राद्ध सांगणारे भटजी. "तिन्ही नावं तुझ्याच तोंडून यायला हवीत. मी आयुष्यभर सांगितलं. तिथून मला सांगता येणार नाही."

मी मान हलवली. त्यातलं दुसरं नाव आजोबांचं, म्हणजे माझं. ते त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

बाबा गेले. काही दिवसांनी त्यांच्या मृत्यूचा दाखला आणायला मी सरकारी ऑफिसात गेलो. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "अर्जदाराचं नाव?" मी तोंड उघडलं आणि सवयीने उजवीकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. मागची रांग चुळबुळायला लागली. "नाव विचारलं, जन्मपत्रिका नाही," मागून कुणीतरी म्हणालं आणि दोघे-तिघे हसले. शेवटी मी कागदावर लिहून दिलं. त्या संध्याकाळी मी हिशोब केला, तर वर्षश्राद्धाला अजून पुष्कळ महिने होते. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या भाचीला मॅडमकडे गुण आला होता. मी जिना चढलो.

मॅडमनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. "मी अडखळणं काढून टाकत नाही. त्याची भीती काढते. चालेल?" मी श्राद्धाचं सांगितलं. त्या देवाधर्मातल्या नाहीत, पण हसल्या नाहीत. "म्हणजे आपल्याला तीन शब्द हवेत. ठीक आहे. तारीख ठरलेली असली की काम चांगलं होतं."

सुरुवातीला आम्ही पेपर वाचायचो, दोघांनी एकदम, एका सुरात. आणि काय सांगू, मी घडाघडा वाचायचो. अडखळणारा माणूस दुसऱ्या आवाजासोबत बोलला की बहुतेक वेळा अडत नाही, असं त्या म्हणाल्या. मग त्या वाचता वाचता आपला आवाज हळूहळू खाली आणत. मी वाचतच राही. केव्हातरी मान वर केली की दिसे, त्यांचे ओठ कधीचेच बंद आहेत आणि त्या नुसत्या पाहताहेत. दर वेळी वाटायचं, मग मी इतका वेळ कुणासोबत वाचत होतो?

त्यानंतर हेडफोन आला. माइकमध्ये बोललेलं एक यंत्र किंचित उशिराने कानात परत देतं. आपलाच आवाज आपल्या मागून चालत येतो. त्याच्यासाठी थांबत थांबत बोलावं लागतं, शब्द लांबवावे लागतात, आणि त्या संथपणात अडणं कमी होतं. सगळे शब्द त्या यंत्रावर सुटले. फक्त नाव सुटेना.

"घरातून कुणाला तरी घेऊन ये. त्यांच्यासोबत म्हण," मॅडम म्हणाल्या.

"घरात ते कुणी म्हणत नाही."

"म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ज्या घरात मुलाचं नावच घेत नाहीत, तिथे मुलाने ते शिकायचं कुणाकडून?"

आत्याला माझं तिथे जाणं पसंत नव्हतं. "काय करूलास बाळ तिथं, बंद खोलींत?" ती विचारायची.

"बोलूलालों," मी म्हणायचो, म्हणजे बोलतो आहे.

"बोलायाला शाळा! अम्ही चुलीपुढं बसून फुकट बोलूलालों." मग ती आवाज खाली आणायची. "आणि ऐक. आपलंच नांव घेऊन पिंड कोण देतो रे? जिवंत माणसानें? मज बरं वाटत नाहीं. वाध्यारांना म्हणूं दे."

एका दुपारी मॅडम फोन आला म्हणून खाली गेल्या. मी एकटाच बसलो होतो. कानांवर हेडफोन, माइक चालू. नाव म्हणायचा प्रयत्न केला. जबडा अडला, तोंड उघडं राहिलं, आतून काही येईना. त्या खोलीत आपण गप्प झालो की आपल्या रक्ताचा आवाज ऐकू येतो. तो ऐकत मी बसलो होतो, आणि कानात कुणीतरी घसा साफ केला. अगदी हलकेच. मग नाकाने श्वास ओढल्याचा आवाज. मग माझं पूर्ण नाव, एका दमात, कुठेही न अडता.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. यंत्रावरचा हिरवा दिवा शांतपणे जळत होता. मॅडम आल्या तसं मी त्यांना विचारलं.

"तुम्ही म्हणालात का आता, खालून?"

"मी खाली होते, तंबी. फोनवर होते."

दर वेळचा सराव रेकॉर्ड होत असे. त्यांनी तो लावला. माझा धडपडलेला पहिला सूर, मग लांब शांतता, मग घसा साफ केल्याचा आवाज आणि नाव. मॅडमचा चेहरा उजळला. "अरे, तूच म्हणालास की! किती सरळ!" त्यांनी ते पुन्हा लावलं.  तिसऱ्यांदा त्यांनी लावलं नाही.

"हा तुझाच आवाज आहे," त्या म्हणाल्या. "वडिलांकडूनच ऐकलंस, म्हणून त्यांच्यासारखं म्हणतोस. त्यात काही वेगळं नाही." थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण म्हटल्याचं तुला आठवत नाही, हे मला आवडलं नाही."

मी ते रेकॉर्डिंग मोबाइलवर घेऊन घरी आलो आणि आत्याला ऐकवलं. ती भाजी चिरत होती. नाव संपेपर्यंत तिने पदर डोक्यावर घेतला होता आणि ती उभी राहिली होती.

"दादा," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता हळूच, "कोणाला तरी सांगूलाला."

त्या दिवसापासून मी अडेनासा झालो. खरं सांगतो, पुढचे काही आठवडे मला माझं नाव सांगताना काहीच कष्ट पडले नाहीत. आडुतुरैच्या ऑफिसात नवा साहेब आला, त्याने नाव विचारलं, मी सांगितलं. सहकारी म्हणाला, "काय रे, रात्रीत जीभ बदलून आणलीस काय?" सगळे हसले, मीही हसलो. पण दर वेळी तसंच घडत होतं. मी तोंड उघडायचो, उजव्या बाजूला घसा साफ व्हायचा, आणि नाव निघून जायचं. ते निघायचं माझ्याच तोंडातून. पण मी सांगितलं असं मला वाटत नसे. कुणीतरी सांगत असताना मी तिथे उभा होतो, इतकंच वाटायचं.

दारासुरमला एका विणकराच्या घरी बाबांनी फॉल लावायला घेतलेली एक साडी परत द्यायची राहिली होती. मी दुचाकीवरून गेलो. आतून मागाचा खटखट आवाज येत होता. दार वाजवलं तेव्हा आतून बाईचा आवाज आला, "कोण?" मी नाव सांगितलं. माग थांबला. बाई दाराशी आली, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे रस्त्यावर पाहिलं.

"तूच होतास?" ती म्हणाली. "मला वाटलं वडील तुला घेऊन आलेत." साडी तिने घेतली, पण नेहमीसारखं आत बस म्हणाली नाही.

मी हे मॅडमना सांगितलं. वाटलं होतं, त्या म्हणतील हा मनाचा खेळ आहे. त्या तसं म्हणाल्या नाहीत.

"आधार कुणाचा, हे मी विचारत नाही," त्या म्हणाल्या. "आपण सोबत वाचायचो तेव्हा मी माझा आवाज काढून घ्यायचे, आठवतं? आधार काढता आला पाहिजे. तो निघत नसेल तर तू बोलत नाहीस."

"पण नीट निघतंय, मॅडम. श्राद्धाला तसंच निघालं तर?"

"तर तीन नावं नीट म्हटली जातील. वडिलांनी काय मागितलं होतं तुझ्याकडे? नीट म्हण, असं?"

 आत्या घरी नेमकं उलट सांगत होती. "दादा म्हणूलाला तर म्हणूं दे की! तू फक्त तोंड उघड. तुज्या जिवालाही धोका नाहीं."

मॅडमनी मग मला मुद्दाम अडखळायला लावलं. जो शब्द सहज येतो तोही मुद्दाम अडवायचा, पहिलं अक्षर पुन्हा पुन्हा म्हणायचं, समोरच्याच्या डोळ्यांत पाहत. जन्मभर जे लपवलं ते उघड्यावर आणायचं. बाकी शब्दांवर ते जमलं. नावावर मात्र मी अडखळायचं ठरवून तोंड उघडायचो, आणि नाव त्याआधीच सरळ निघून जायचं. श्राद्धाच्या आदल्या आठवड्यापर्यंत हे असंच चाललं. श्राद्धाआधीच्या शेवटच्या सरावाला मॅडम म्हणाल्या, "मी आता काही करू शकत नाही, तंबी. तिथे तूच बघ."

श्राद्धानंतर मी त्यांना जे पत्र पाठवलं, ते खाली देतो. मूळ तमिळमध्ये आहे.

*

मॅडम, नमस्कार.

फोन टाळायचा नाही असं तुम्ही सांगितलं आहे, तरी हे लिहून पाठवतो. मला सगळं सलग सांगायचं आहे, मध्ये प्रश्न नको आहेत.

श्राद्ध झालं. वाध्यार घाईत होते, त्यांना अजून एका घरी जायचं होतं. अपेक्षेप्रमाणे म्हणाले, "नावं मी घेतो, तू मनात म्हण." मी म्हटलं, नको, मीच घेतो. त्या 'मीच'वरच मी बराच अडलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "घे बाबा, घे."

पहिला पिंड बाबांचा. मी तोंड उघडलं तेव्हा उजवीकडे घसा साफ झाला. नाव सरळ आलं. मॅडम, ते त्यांचं स्वतःचं नाव होतं. गेलेला माणूस गेलेल्यांमध्ये आपलं नाव सांगतो आहे, असं ते वाटलं.  आत्या दारात बसली होती. तिने पाय आत ओढून घेतले, कुणाला जायला वाट करून द्यावी तसे.

दुसरा पिंड आजोबांचा. मी तोंड उघडलं आणि थांबलो. घसा साफ झाला नाही. मी वाट पाहिली. हातात पिंड होता, बोटांमधून तिळाचं पाणी ठिबकत होतं. तुमच्या खोलीत भिंती काही परत देत नाहीत, तसं झालं सगळं. उजवीकडे मी बघितलं नाही, पण तिथे कुणी नाही हे मला कळलं. वाध्यारांनी माझ्याऐवजी म्हणायला तोंड उघडलं. तेव्हा आत्या मोठ्याने म्हणाली, "थांबा!" ती असं म्हणेल असं मला कधीच वाटलं नव्हतं.

मग मी अडखळलो. पहिलं अक्षर किती वेळा म्हटलं ते मोजलं नाही. ढकललं नाही, डोळे मिटले नाहीत, पिंडाकडे बघत राहिलो. मान आखडली, तोंड वाकडं झालं असेल. आणि मग नाव आलं. तुकड्या-तुकड्यांनी आलं. तो आवाज बाबांच्या आवाजापेक्षा बारीक आहे. मी तो याआधी ऐकला नव्हता. पणजोबांचं नाव त्यामानाने लवकर आलं.

मला काही झालेलं नाही. आत्या दिवसभर माझं कपाळ हात लावून बघत होती. जेवताना म्हणाली, "किती वेळ लावलास रे! सगळ्यांचा भात गार झाला."

तुम्ही शिकवलंत त्याबद्दल आभार कसे मानायचे ते मला येत नाही. तुम्ही नसता तर मी त्या दिवशी नुसतं तोंड उघडून बसलो असतो, आणि बाबांना मी दिलेला शब्द दुसऱ्या कुणीतरी पाळला असता.

एक गोष्ट विचारायची आहे. त्या दिवसापासून मी पहिल्यासारखाच अडतो, नावावरही. त्याचं मला फारसं वाटत नाही. पण नाव सांगायच्या आधी मी अजूनही जरा थांबतो आणि उजवीकडे कान देतो, कुणी सोबत येतंय का ते ऐकायला. कुणी येत नाही. मग मी बोलतो. ही वाईट सवय असेल तर सांगा, पुढच्या गुरुवारी त्यावर काम करू.

आपला आज्ञाधारक.